लाखेनं बुजवलेले चरे

आमच्या घरात तीन पिढ्या लाखेच्या बांगड्या होत होत्या. मी चौदाव्या वर्षी सासरी गेले. सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला, तशी कळंबला वडिलांकडं परत आले आणि शेगडीसमोर बसले ती बसलेच. आई आधीच वारली होती. वडिलांना मी आबा म्हणायची. घरात आम्ही दोघंच. पेठेत दोन खोल्या होत्या, पुढं ओसरी. मागं राहायचं, पुढं बांगड्या विकायच्या. त्या खोल्या ज्यांच्या मालकीच्या होत्या, त्यांच्याबद्दल हे सांगायचं आहे.

ते धान्याचे मोठे अडतदार होते. सगळी पेठ त्यांना मालक म्हणायची, आम्हीही म्हणायचो. निजामाच्या राज्यात आमच्या बाजूला तेव्हा मोटारगाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मालकांनी हैदराबादेहून एक आणवली होती. काळी होती, आणि तिच्या दारात आपलं तोंड दिसायचं. गाडी चालवायला एक मुसलमान डायव्हर ठेवला होता. मी त्यांना चाचा म्हणायची. शांत माणूस. सकाळी गाडी पुसताना ते दिसले की आबा त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे.

जर्मनची मोठी लढाई संपायच्या आदल्या वर्षी चैत्री पुनवेला आम्ही नेहमीसारखे येरमाळ्याच्या जत्रेला गेलो. येडाईला बांगड्या वाहायला आणि स्वतः भरायला बायका येतात, वर्षातला आमचा सगळ्यात मोठा धंदा तोच. वाटेच्या कडेला आबांनी बाज टाकली, बाजेवर लोखंडी पेटी ठेवली, पेटीच्या झाकणावर बांगड्या मांडल्या. मी बाजेच्या मागं पोत्यावर बसून एका म्हातारीला बांगड्या भरत होते.

भोंगा ऐकू आला. माणसं बाजूला होऊ लागली. मालकांची गाडी गर्दीतून येत होती आणि त्या दिवशी ती मालक स्वतः चालवत होते. नुकतेच शिकले होते. चाचा शेजारी बसले होते आणि हातानं काहीतरी खुणा करत होते. समोर एक बैल बुजला, तशी गाडी आमच्या अंगावर वळली. आबांनी पेटी वाचवायला उजवा हात घातला. मडगार्डानं बाज ढकलली, पेटी फिरली आणि तिचे लोखंडी कोपरे, कडी-कोयंडा गाडीच्या मडगार्डापासून मागच्या दारापर्यंत चार चरे ओरबाडत गेले. आबांची बोटं पेटी आणि गाडी यांच्यामध्ये होती.

आबा ओरडले नाहीत. खाली बसले आणि हात पोटाशी धरला.

गाडी थांबली. मालक उतरले. आमच्याकडं आले असं मला वाटलं, पण ते दाराकडं गेले. वाकले, चऱ्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या चऱ्यावरून फिरवला. म्हणाले, "पार पत्रा उघडा पडला की." एवढं म्हणून गाडीत बसले. या खेपेला गाडी चाचांनी चालवली. जाताना चाचांनी आमच्याकडं बघितलं, मालकांनी नाही.

हाडवैद्यानं आबांची तीन बोटं बांबूच्या कामट्यांत बांधली. ती जुळली, पण वाकडी जुळली. लाखेचं काम उजव्या हाताचं असतं. शेगडीवर मऊ झालेली लाख पाटावर दाबत, लोळवत तिची सारखी दोरी करायची, लाकडी गोल दांड्यावर चढवायची, हे सगळं बोटांच्या पेरांनी चालतं. आबांची पेरं त्या दिवशी संपली.

तरी तिथवर मी कदाचित अपघात म्हणून सोडलं असतं. पण तीन दिवसांनी मालकांनी आबांना अडतीवर बोलावलं. मी सोबत गेले. तिथं पेठेतले चार जाणते गाद्यांवर बसले होते आणि गाडी अंगणात उभी होती, चरे असलेली बाजू सगळ्यांना दिसेल अशी. मालकांचं म्हणणं असं पडलं की बांगडीवाल्यानं भर वाटेत बाज टाकली, म्हणून ही खराबी झाली. असला रंग इथं मिळत नाही, सोलापूरला इंग्रजी हद्दीत गाडी न्यायची तर सरहद्दीवर करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, पेट्रोलला परवाना, लढाईमुळं तिथंही रंगाचा तुटवडा. आपण काही भरून मागत नाही, फक्त चूक कबूल करावी. चौघांनी माना हलवल्या. त्यांतले दोघं जत्रेत होते, त्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं.

आबा म्हणाले, "चुकलं मालक."

"मला न्हाय," मालक म्हणाले. "गाडीला म्हणा. पायरीवर नाक घासा अन् विषय संपवा."

कुणी हसलं नाही, कुणी अडवलंही नाही. आबा गाडीपाशी गेले. दाराखाली पाय ठेवायची लांब पायरी होती, तिच्यासमोर गुडघे टेकले. एक हात कामट्यांत, त्यामुळं वाकताना आधार घेता येईना. तोल गेला आणि कपाळच पायरीवर आपटलं. मी पुढं झाले, तर मालक म्हणाले, "तू थांब. त्यांचं त्यांना करू दे." मी थांबले. त्या थांबण्याबद्दल मला मालकांपेक्षा जास्त वर्षं माझा स्वतःचाच राग येत राहिला. आबांनी नाक घासलं, उठले, कपाळावरची धूळ डाव्या हातानं पुसली, आणि आम्ही घरी आलो. घरी आल्यावर ते म्हणाले की भाकरी टाक, भूक लागली आहे. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पुढचं वर्षभर मी बोलले नाही, पण दुसरं काही मनात आणलंही नाही. आबा डाव्या हातानं जेवायला शिकले. धोतराचा काष्टा त्यांना घालता येईना, तो मी घालून द्यायची. बाप आणि जाणती लेक, दोघंही त्या वेळी भिंतीकडं बघत असायचो. तोवर मी निखारे सांभाळायची, लाख कुटायची, घडवायचे आबाच. बांगड्या आता मी एकटी करत होते. पहिले काही महिने त्या वेड्यावाकड्या व्हायच्या, गिऱ्हाईक बायका हातात फिरवून परत ठेवायच्या. आबा शेजारी बसून सांगायचे, आता दाब, आता सोड, आता उलट. सांगताना त्यांची वाकडी बोटं मांडीवर आपोआप हलायची. ती हलताना दिसली की मी मान खाली घालून लाख आणखी जोरानं दाबायची.

गाडी रोज ओसरीपुढून जायची. मी तिच्याकडं बघून बेत करायची. टायरात खिळा घालणं सोपं होतं, पण खिळा कुणीही घालतो, तो काढला की संपलं. काच फोडली तर नवी येते. मला असं काही पाहिजे होतं की मालकांना चारचौघांत खाली बघायला लागावं, आणि ते कशामुळं झालं हे त्यांना एकट्याला कळावं. उकळती लाख हातावर ओतायचा विचारही मी केला होता. हे आता म्हातारपणी सांगायला काही वाटत नाही.

मग एक दिवस, पुढच्या वर्षीच्या चैत्राच्या तोंडावर, चाचा ओसरीवर येऊन बसले. लढाई संपत आली होती. त्यांनी सांगितलं ते असं. मालकांना जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, परवाना पाहिजे होता. त्यासाठी हैदराबादेहून एक बडे हुद्देदार यायचे होते. छोट्या रेल्वेनं येडशीला उतरणार, तिथून मालकांच्या गाडीनं कळंबला येणार, पेठेत हारतुरे, मालकांकडं जेवण. आणि गाडीच्या अंगावर तर असे चरे. आबांच्या पेटीचे होतेच, शिवाय वर्षभरात बाभळीच्या काट्यांचे बारीक ओरखडेही झाले होते. रंग अजूनही कुठं मिळत नव्हता. तेव्हा मालकांना कुणीतरी म्हटलं की लाखेनं लाकडावरचे चरे बुजवतात, पत्र्यावरचेही बुजतील. घरच्या घरी होईल.

"मालकांनी तुमाला बोलवलंय," चाचा आबांना म्हणाले. मग आबांच्या हाताकडं बघून थांबले. "मी न्हाय म्हनून सांगू का?"

आबा काही बोलायच्या आत मी म्हणाले की मी येते.

आबांनी माझ्याकडं बघितलं. चाचा गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "गाडीनं काय केलं न्हाय आपलं. काम नीट कर."

आणि काम नीट कसं करायचं ते त्यांनी मला दोन दिवस बसून शिकवलं. चपडा लाख, म्हणजे पापडीसारखी पातळ शुद्ध लाख, दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये भिजवायची. पणतीवर पितळी ताट धरून काजळी जमवायची आणि ती त्यात घोटायची, म्हणजे काळा रंग येतो. आधी रिठ्याच्या पाण्यानं पत्रा धुवायचा, तेलाचा अंश राहता कामा नये. चऱ्याच्या कडा समुद्रफेसानं हलक्या घासायच्या. मग बारीक कुंचल्यानं चऱ्याच्या आत, फक्त आत, पातळ हात द्यायचा. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग दुसरा. असे सहा-सात हात झाले की चरा पत्र्याच्या बरोबरीला येतो. शेवटी विटकरीची वस्त्रगाळ पूड आणि थेंबभर तीळतेल घेऊन बोटानं गोल गोल घासायचं, आणि मऊ फ्लॅनेलच्या कपड्यानं मेण चढवायचं. "घाई केलीस तर वर वाळतं, आत कच्चं ऱ्हातं," आबा म्हणाले. "अन् राळ अजिबात घालू नको. राळ घातली की चमक लई येती, पर ऊन लागलं की सुटतं."

ते असं म्हणाले, आणि मला वर्षभर जे सापडत नव्हतं ते सापडलं.

दुसऱ्या दिवशी मी रॉकेलच्या डब्याचा एक तुकडा घेतला, त्यावर दोन चरे ओढले. एक आबांच्या रीतीनं बुजवला. दुसऱ्यात लाखेबरोबर राळ घातली आणि वर एरंडेल. आम्ही बांगड्यांना लाख मऊ राहावी म्हणून थेंबभर एरंडेल घालतो, मी चमचाभर घातलं. सकाळच्या गारव्यात दोन्ही सारखे दिसत होते, उलट माझा जास्त चमकत होता. तो पत्रा मी वर माळवदावर उन्हात ठेवला. दुपारी बोट लावलं तर आबांचा चरा तसाच टणक होता. माझा बोटाला चिकटून तार धरत वर आला.

मी पाच दिवस मालकांच्या वाड्यामागच्या गवती छपरीत काम केलं. गाडी तिथं सावलीत असायची. बाभळीचे ओरखडे मी आबांनी सांगितलं तसेच, जिवापाड जपून बुजवले. बाभळीच्या ओरखड्यांशी माझं भांडण नव्हतं. मागच्या बाजूला आणि उजव्या दारावर तर असं काम झालं होतं की हात फिरवून कुठं काय होतं ते सांगता येऊ नये. मग मी डाव्या बाजूला आले. मडगार्डापासून मागच्या दाराच्या खिडकीखालपर्यंत गेलेले चार लांब चरे. त्यांच्यासाठी वेगळी वाटी होती.

तिसऱ्या दिवशी मालक छपरीत आले. मी डाव्या दारापाशी उकिडवी बसले होते. त्यांनी वाकून बघितलं आणि खूश झाले. हातात हुनर आहे म्हणाले. मग छपरीच्या खांबाला टेकून, सहज गप्पा माराव्या तसं म्हणाले, "तुझा बाप सरळ माणूस आहे. त्याची चूक झाली, मी कधीच माफ केली."

मी "व्हय मालक" म्हणाले आणि कुंचला वाटीत बुडवला. त्या घटकेपर्यंत मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी होतं की शेवटच्या दिवशी हे पुसून टाकावं आणि नीट भरावं. ते तिथं संपलं. आम्हाला त्यांनी माफ केलं होतं.

चौथ्या दिवशी चाचा पाणी प्यायला छपरीत आले. माझ्या दोन वाट्या बघितल्या. एक उचलून नाकाशी नेली. एरंडेलाचा वास लपत नाही. त्यांनी वाटी होती तिथं ठेवली, पाणी प्यायलं आणि मला विचारलं की आबा डाव्या हातानं विडी ओढतात का आता. मी म्हणाले, ओढतात. ते गेले. मला त्या दिवशी भीती वाटली की हे जाऊन सांगतील. दुसरी भीती वाटायला पाहिजे होती, ती वाटली नाही. गाडीचं काही झालं तर पहिला दोष गाडी सांभाळणाऱ्यावर येणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सुडाच्या भरात माणसाला एकच माणूस दिसतो.

काम झाल्यावर मालकांच्या घरून मला लुगडं आणि नारळ मिळाला. नारळ आम्ही फोडून खाल्ला. लुगडं मी कधी नेसले नाही.

पाहुणे यायच्या दिवशी ऊन असं होतं की पेठेतली कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरली होती. मी दुपारपासून बायकांच्या घोळक्यात उभी होते. मालकांच्या दारात मांडव, मांडवात गाद्या, व्यापारी पांढऱ्या धोतरांत, पगड्या घालून. मालक पाहुण्यांना आणायला स्वतः येडशीला गेले होते. बराच वेळ झाला. रेल्वे उशिरा आली असणार असं सगळे म्हणत होते.

शेवटी भोंगा वाजला आणि गाडी पेठेत वळली. ती लांबून दिसली तेव्हाच मला कळलं. काळ्या गाडीच्या डाव्या अंगावर चार लाल-पांढऱ्या रेघा होत्या. येडशीपासूनची सगळी धूळ त्या ओल्या चऱ्यांत बसली होती. एरवी चरे जवळ जाऊन बघावे लागायचे, आता ते पेठेच्या दुसऱ्या टोकावरून मोजता येत होते.

गाडी मांडवापुढं थांबली. मागच्या डाव्या बाजूला, मानाच्या जागी, पाहुणे बसले होते. पांढरी शेरवानी घातली होती. वाटभर ते खिडकीवर हात टाकून, कोपर दाराला लावून बसले असणार. उतरायला उठले तर बाही उठेना. जरा ओढली, तर काळी तार लांबत आली. बाही कोपरापासून दंडापर्यंत काळी झाली होती, आणि वाटेत घाम पुसताना तोच हात गालाला लागला होता. एका गालावर आणि मिशीच्या टोकाला काजळी. आमच्याकडं माणसाला गाडीतून मिरवत आणलं आणि तोंड काळं असलं, तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पाहुण्यांना स्वतःचं तोंड दिसत नव्हतं. त्यांना फक्त सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

मालक दुसऱ्या बाजूनं उतरून हार घेऊन पुढं आले आणि हार हातात तसाच राहिला. माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलायला लागले. मग दुसरीचे. मांडवात कुणीतरी खोकला आला असं केलं. मालक पाहुण्यांच्या गालाकडं बोट करावं का करू नये या घोटाळ्यात, आपल्याच उपरण्यानं पुसायला गेले. ते आणखी पसरलं. पाहुण्यांनी त्यांचा हात झटकला. उर्दूत काहीतरी बोलले, आवाज न चढवता. मग डाक बंगल्यावर जायला टांगा मागवला. गाडीत पुन्हा बसले नाहीत, जेवायलाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी निघून गेले, आणि मालकांच्या जिनिंगचा परवाना त्यांच्याबरोबर गेला.

त्या पाहुण्यांचं मला कधीमधी वाईट वाटतं. लई न्हाय.

लोक म्हणतात की सूड घेतल्यावर मन रितं होतं, माणसाला पस्तावा होतो. मी त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपले.

सकाळी मालक आमच्या ओसरीवर आले. एकटेच नव्हते, मागं पेठ जमली होती. आबा उठून उभे राहिले. मी शेगडीपाशी बसून राहिले. मालकांचा आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. लाखेत काय कालवलंस असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले की लाख ऊन लागलं की मऊ होते, बांगडीवाल्याला बोलवायच्या आधी मालकांनी विचारायला पाहिजे होतं. ते म्हणाले की मग काट्यांचे ओरखडे तसेच कसे राहिले, तेही याच उन्हात होते.

"तिकडचं समदं टिकलं," ते म्हणाले. "इकडचंच कसं सुटलं?"

मी पाटावरची लाख बाजूला ठेवली आणि वर बघितलं.

"तिकडं मधी माणूस सापडला न्हवता, मालक."

पेठ ऐकत होती. मागं उभ्या असलेल्यांत अडतीवर माना हलवणारे ते जाणतेही होते. मालक माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांना कळलं. मला जे पाहिजे होतं ते एवढंच होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं. त्यांनी आबांकडं बघायचं टाळलं. जाताना म्हणाले की आठ दिवसांत खोल्या मोकळ्या करा.

दुपारी चाचा आले. मालकांनी त्यांना कामावरून काढलं होतं. मी शरमेनं उठून उभी राहिले, माझ्यामुळं झालं म्हणाले. चाचा ओसरीच्या कडेला बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बेटी, रेल्वे तीन घंटे लेट होती," ते म्हणाले. "मालक टेसनात सावलीला बसले. टेसनाबाहेर मोठा लिंब आहे. सावली लई. मी गाडी उन्हात लावली. डावी बाजू सूर्याकडं करून."

मी होते तिथंच खाली बसले.

"त्या दिवशी जत्रेत मी ब्रेक दाबा म्हणत होतो," ते म्हणाले. "अडतीवर मला कुणी इचारलंच न्हाय. मी बी सांगितलं न्हाय. नोकरी होती."

आबांनी मला त्यांच्यासाठी चहा करायला सांगितला. दोघं बराच वेळ पावसाचं आणि बैलबाजाराचं बोलत बसले. चाचांना पुढं नळदुर्गाकडं एका मालवाहू लॉरीवर काम मिळालं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ते कितीतरी वर्षं होते.

आबा मात्र माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मी काष्टा घालून द्यायची, ते भिंतीकडं बघायचे. मला वाटलं, कामात खोट केली म्हणून रागावलेत. त्यांनी आयुष्यात एक बांगडी खोटी दिली नव्हती. सामान बांधायला घेतलं त्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले, एरंडेलाची बाटली हातात घेऊन उजेडाकडं धरली.

"किती घातलंस?"

मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "जास्त झालं. निम्मं घातलं असतंस तर म्हैनाभर धरलं असतं, अन् मग हळूहळू सुटलं असतं. कुणाला कळलं बी न्हसतं. खोल्या बी ऱ्हायल्या असत्या."

ते हसले नाहीत. बाटलीचं बूच घट्ट लावून ती त्यांनी फडक्यात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. वर्षभरात पहिल्यांदा ते मला धंद्यातली एक गोष्ट शिकवताना आनंदात दिसले.

आम्ही तुळजापूरला गेलो. भवानीच्या दारात बांगड्यांना मरण नसतं. सुरुवातीला देवळाच्या वाटेवर उघड्यावर बसलो, मग एक लहान दुकान मिळालं. माझा हात बसला होता. आबा दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचे, मी आत काम करायची. ते आणखी सहा वर्षं जगले. मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांवरचे झेंडे बदलले, माणसं इकडची तिकडं झाली. त्या गडबडीतही कळंबच्या बायका दर्शनाला यायच्या आणि बांगड्या भरायला माझ्याकडंच बसायच्या. मी प्रत्येकीला मालकांची खबर विचारायची. पेठ त्यांना पाठीमागं चिकटशेट म्हणते, हे मला एका सोनारणीनं सांगितलं. गाडी सोलापूरला नेऊन रंगवली, पण नंतर ते स्वतः कधी चालवायला बसले नाहीत, हे दुसरीनं. ऐकताना मला बरं वाटायचं. प्रत्येक वेळी तितकंच बरं वाटायचं, त्यात वर्षांनी काही घट झाली नाही.

मालक गेल्याची बातमीही अशीच आली. मी कळंबच्या एका बाईच्या डाव्या हातात हिरवी लाखी बांगडी चढवत होते. ती म्हणाली की गेले हो तुमचे जुने मालक, मागच्या एकादशीला, झोपेतच गेले, फार काही हाल झाले नाहीत. मग ती थांबली. मी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघत होती. अशा वेळी माणसं चार बरे शब्द बोलतात, मलाही ते येत होते.

मी बांगडी मनगटावर नीट बसवली, वरून हात फिरवून बघितला.

"दुसरा हात द्या," मी म्हणाले.